मान दुखते, पण फॉर्मवर 'इजा नाही' असं लिहिलंय

पत्र:

माझं वय ४३. घरी शिवणकाम करते आणि शिवणाचे क्लास घेते. ११ मार्चला संध्याकाळी सिग्नलला गाडी उभी होती. मी चालवत होते, शेजारी नवरा होता. मागून मालवाहू पिकअप येऊन आदळली. डिकी आत गेली, मागची काच फुटली. आम्ही दोघं धडधाकट उतरलो. पिकअपचा ड्रायव्हर अगदी पोरगेला, हात जोडत होता. चौकीत गेलो तर तिथल्या हवालदारांनी वहीत नोंद घेतली आणि 'आपसात मिटवून टाका' म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याच विम्यातून गाडी दुरुस्तीला टाकली. त्या क्लेम फॉर्मवर 'कोणाला इजा झाली का' या रकान्यात नवऱ्याने 'नाही' लिहिलं. त्याच रात्री माझी मान धरली. १३ तारखेला डॉक्टरकडे गेले. एक्स-रे चांगला आला. कॉलर, गोळ्या आणि मग दोन महिने फिजिओथेरपी. त्यातली काही बिलं नवऱ्याच्या ऑफिसच्या मेडिक्लेममधून मिळाली. आज चार महिने झाले, अजून डाव्या हाताला मुंग्या येतात, अर्ध्या तासाच्या वर मशीनवर बसवत नाही. क्लास तीन महिने बंद होते.

आता पिकअपच्या मालकाचा माणूस स्टॅम्पपेपर घेऊन आलाय. थोडी रक्कम देतो म्हणतो, 'आमची काही तक्रार नाही' यावर सही हवी. नवरा म्हणतो घे आणि मोकळी हो. दीर म्हणतात केस टाक, लाखो मिळतील. त्या ड्रायव्हरच्या पोटावर पाय यायला नको असं मला वाटतं. आणि आम्हीच 'इजा नाही' लिहून दिलंय, तर आता बोलायला आम्हाला तोंड आहे का?

उत्तर:

ताई, तोंड आहे. पण ते बोलायला दिवस मोजके आहेत, म्हणून आधी तारखेचं बोलते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली नुकसानभरपाईचा अर्ज मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. वर्षानुवर्षं त्याला मुदतच नव्हती. १९९४ मध्ये ती काढून टाकली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू आहे: अपघातापासून सहा महिने. तुमचे सहा महिने सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात संपतात. या मुदतीला आव्हान दिलं गेलंय आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, केवळ मुदत टळली म्हणून न्यायाधिकरणांनी दावे फेटाळू नयेत असा अंतरिम आदेशही दिला. पण अंतरिम म्हणजे अंतरिम. त्याच्या भरवशावर बसायचं कारण नाही. सप्टेंबर तुम्ही विसरून जा, ऑगस्टच्या पंधरवड्यापर्यंत अर्ज दाखल झालेला हवा. ज्या जिल्ह्यात राहता तिथल्या न्यायाधिकरणातही तो करता येतो, अपघाताच्या ठिकाणीच जायला हवं असं नाही.

आता त्या 'नाही'कडे येऊ, कारण तुमची झोप त्यानेच उडवलीय हे पत्रावरून दिसतंय.

मागून धडक बसते तेव्हा सीट तुमच्या धडाला पुढे ढकलते, डोकं मात्र क्षणभर जागेवरच राहतं. मान आधी मागे ताणली जाते आणि लगेच झटक्याने पुढे येते. हाडं शाबूत राहतात, दुखावतात ते स्नायू आणि सांध्यांचे बंध. त्यांची सूज चढायला वेळ लागतो. म्हणून माणूस अपघातानंतर स्वतः चालत घरी येतो, जेवतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याला मान वळवता येत नाही. डॉक्टर याला व्हिपलॅश म्हणतात. एक्स-रेत हाडं दिसतात, स्नायू दिसत नाहीत. तेव्हा एक्स-रे चांगला आला याचा अर्थ तुमचं दुखणं खोटं, असा कोणी काढला तर त्याला एक्स-रे म्हणजे काय हे माहीत नाही.

१२ तारखेच्या सकाळी तुमच्या नवऱ्याने 'नाही' लिहिलं तेव्हा ते खरंच होतं. दुखणं त्या रात्री सुरू झालं. १३ तारखेला तुम्ही डॉक्टरांसमोर होतात. मधे सव्वा दिवसाचं अंतर आहे. हे अंतर तीन आठवड्यांचं असतं तर मी वेगळं उत्तर लिहिलं असतं. तेव्हा तुमच्या बाजूने बोलणारा सगळ्यात मोठा कागद म्हणजे १३ तारखेचा तो केसपेपर. काढा आणि वाचा. त्यावर 'मान दुखते' एवढंच आहे, की 'वाहन अपघातानंतर मान दुखते' असं आहे? डॉक्टर घाईत असतात, आणि आपणही 'जरा हिसका बसला' म्हणून सोडून देतो. अपघाताचा उल्लेख नसेल तर त्याच डॉक्टरांकडे जा. त्यांनी तेव्हा काय ऐकलं, काय तपासलं आणि उपचार कशासाठी केले याचं आजच्या तारखेचं प्रमाणपत्र मागा. जुन्या कागदावर मागाहून ओळ घालून घेऊ नका. शाईचा फरक उघड्या डोळ्यांना दिसतो आणि मग खरा कागदही खोटा ठरतो.

ज्या क्लेम फॉर्मची तुम्हाला धास्ती वाटतेय, तो दावा बुडवण्यापेक्षा तारण्याची शक्यता जास्त. तुमच्याकडे एफआयआर नाही. समोरची विमा कंपनी पहिला मुद्दा काढणार तो हा, की ही पिकअप नंतर शोधून चिकटवली. असे प्रकार होतात, त्यामुळे शंका अगदीच हवेतली नाही. पण तुमच्या फॉर्मवर दुसऱ्याच दिवशी पिकअपचा नंबर, वेळ, ठिकाण आणि 'मागून धडक' हे सगळं लिहिलेलं असणार. सर्व्हेअरने, म्हणजे विमा कंपनीतर्फे नुकसान तपासणाऱ्याने, काढलेल्या फोटोंत डिकी आत गेलेली दिसेल, बॉनेटला ओरखडा नसेल. हे फोटो आणि सर्व्हे रिपोर्ट तुमच्या विमा कंपनीकडून लेखी मागून घ्या. चौकीतल्या नोंदीचीही सही-शिक्क्याची प्रत हवी. या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की गाडी नंतर चिकटवली हे म्हणणं टिकणं अवघड.

एफआयआर आत्ताही द्या. उशीर झाला म्हणून अपघाताचा दावा पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलंय: अपघातात सापडलेल्याने आधी दवाखाना गाठावा की पोलिस ठाणं, हा व्यवहाराचा प्रश्न आहे. फक्त उशिराचं कारण तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात येऊ द्या. चौकीत गेलो होतो, नोंद झाली, मिटवायला सांगितलं, दुखणं नंतर उघडं झालं आणि अजून बरं नाही. पोलिस ठाण्याने घेतली नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे पोलिस अधीक्षकांना लेखी, टपालाने पाठवता येते. पोचपावती जपा.

एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. एफआयआर वेळेवर झालं तर पोलिसांनाच पुढचं बरंचसं काम करावं लागतं. २०२२ च्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत अपघाताचा पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो, आणि तो अहवाल दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो. तुमच्या बाबतीत 'आपसात मिटवा' या दोन शब्दांनी ही सगळी साखळी सुरूच झाली नाही. हवालदारांचा हेतू वाईट असेल असं मी म्हणत नाही, संध्याकाळच्या गर्दीत सगळेच असं सांगतात. पण वाचणाऱ्या बाकीच्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: वहीतली नोंद म्हणजे एफआयआर नव्हे.

स्टॅम्पपेपर. सही करू नका. रक्कम कमी आहे म्हणून नाही, तुमचं दुखणं अजून संपलेलं नाही म्हणून. हाताला येणाऱ्या मुंग्या मानेतली नस दबल्याचं लक्षण असू शकतं. एमआरआय लागेल का हे अस्थिरोगतज्ज्ञ किंवा मेंदू-मज्जातंतूतज्ज्ञ ठरवतील, मी नाही. पण त्यांच्याकडे याच आठवड्यात जा, दाव्यासाठी नाही, हातासाठी. दुखणं कुठवर जाणार हे कळायच्या आत त्याची किंमत कशी ठरवणार? 'आमची काही तक्रार नाही' या चार शब्दांत पुढे निघणारी सगळी बिलं बुडतात.

आणि मालक एवढा घाईवर का आलाय, हेही जरा बघा. विमा असलेल्या गाडीच्या मालकाला तुमच्या इजेपोटी खिशातून द्यायची वेळ सहसा येत नाही, ते कंपनी बघते. मग हा माणूस रोकड घेऊन दारात का उभा आहे? कधी ड्रायव्हरचं लायसन्स नसतं, कधी पॉलिसी संपलेली असते. एमपरिवहन ॲपमध्ये पिकअपचा नंबर टाका. विमा कोणत्या कंपनीचा आणि कुठल्या तारखेपर्यंत, ते दिसतं. ११ मार्चला पॉलिसी चालू असली की बस. लायसन्स नसलं तरी तुमचे पैसे बुडत नाहीत. २००४ पासून न्यायालयांचा शिरस्ता असा की कंपनीने आधी जखमीला द्यावं आणि मग मालकाकडून वसूल करावं. पॉलिसीच नसेल तर मात्र सगळं मालकावर येतं, आणि वसुलीचं काम लांबतं. तेव्हाही सही करायची नाही, पण मग बोलणी कोणत्या सुरात करायची हे वकिलांशी ठरवा.

ड्रायव्हरच्या पोटावर पाय येईल का, असं तुम्ही विचारलंय. हे विचारणारे फार थोडे असतात, म्हणून सरळ सांगते. दाव्यात ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी असे तिघे सामनेवाले असतात, आणि विमा असेल तर पैसे कंपनी भरते. थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचा विमा, सक्तीचा करण्यामागचं कारणच हे, की जखमीला ड्रायव्हरच्या ऐपतीवर अवलंबून राहावं लागू नये. एफआयआरचं तसं नाही, ती त्याच्यावर येते. भारतीय न्याय संहितेत बेदरकारपणे गाडी चालवणं कलम २८१ आणि त्यातून दुखापत होणं कलम १२५. त्याला तारखांना जावं लागेल. हे मी गोड करून सांगणार नाही. पण सिग्नलला उभी गाडी त्याला दिसली नाही, हेही तेवढंच खरं. दावा आणि फौजदारी खटला वेगळे चालतात. तो उद्या निर्दोष सुटला तरी तुमचा दावा त्याने पडत नाही, कारण इथे संशयातीत पुरावा लागत नाही, शक्यतेचं पारडं कुठे झुकतं एवढंच बघतात.

चूक कोणाची, यावर मी तुमच्या बाबतीत फार शाई खर्च करत नाही. पुढच्या गाडीने अचानक ब्रेक मारला तरी थांबता येईल इतकं अंतर ठेवणं मागच्याचं काम. १९८९ च्या रस्ते नियमांत हा तेविसावा नियम होता, २०१७ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले तरी कर्तव्य तेच राहिलं. २०१८ च्या एका प्रकरणात ट्रकच्या मागे १०-१५ फुटांवर चाललेली मोटार ट्रकवर आदळली होती. सर्वोच्च न्यायालयाने ते अंतर सुरक्षित मानलंच नाही. म्हणून लोक धरून चालतात की मागचा तो चुकलेला. बहुतेकदा बरोबर, पण नेहमी नाही. कोइमतूरच्या एका अपघातात महामार्गावर मोटारीने कसलाही इशारा न देता करकचून ब्रेक मारला, मागची मोटारसायकल तिच्यावर आदळली, तो विद्यार्थी पडला आणि मागून येणाऱ्या बसखाली त्याचा पाय गेला. बायकोला मळमळत होतं म्हणून थांबलो, असं मोटारवाला म्हणाला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जबाबदारी वाटली ती अशी: पुढच्या मोटारीवर ५० टक्के, बसवर ३०, आणि अंतर न राखणाऱ्या मोटारसायकलस्वारावर २०. तेव्हा तुम्हाला उलट विचारतील: गाडी पूर्ण थांबली होती की थांबत होती? ब्रेकचे दिवे लागत होते का? दुरुस्तीच्या बिलात मागच्या दिव्यांचे भाग कोणते बदलले ते बघून ठेवा. पुढे आणखी गाडी होती का, तुमची गाडी ढकलली जाऊन तिच्यावर आदळली का, हेही आठवा. सिग्नलच्या कॅमेऱ्याचं चित्रण चार महिन्यांनी मिळेल असं वाटत नाही, पण पोलिसांना दिलेल्या तक्रारीत ते मागा, म्हणजे मागितलं होतं याची नोंद राहील.

दिरांचे 'लाखो' मात्र मला थोडे खाली आणावे लागतील.

इजेच्या दाव्यात दोन प्रकारचा हिशोब असतो. पहिला झालेल्या खर्चाचा आणि बुडालेल्या कमाईचा: डॉक्टर, औषधं, फिजिओ, तिथे जायचा-यायचा रिक्षाखर्च, क्लास बंद राहिले ते तीन महिने, आणि घरकामाला कोणी ठेवलं असेल तर तेही. याशिवाय वेदनेपोटी काही रक्कम. तुमची मान पूर्ण बरी झाली तर दावा साधारण इथेच थांबतो, आणि तो लाखोंचा नसतो. दुसरा हिशोब सुरू होतो तो कायमचं काही अधूपण राहिलं तर. त्यासाठी सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय मंडळाचं अपंगत्व प्रमाणपत्र लागतं, आणि ते उपचार संपून प्रकृती स्थिरावल्यावरच घ्यायचं. आत्ता नको. अर्ज मुदतीत दाखल करा, प्रमाणपत्र दावा चालू असताना आणता येतं.

तिथेही प्रमाणपत्रावरच्या टक्क्याला सगळेच फसतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये जे सांगितलं ते आजही दर दाव्यात वाचून दाखवतात: शरीराचं अपंगत्व किती, हा प्रश्न नाही, त्याने कमाई किती गेली हा प्रश्न आहे. त्या निकालातलंच उदाहरण आहे. डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळपास सगळी जाते, सरकारी कारकुनाची नोकरी टिकू शकते. तुमचं काम मान खाली घालून, दोन्ही हातांनी कापड सरकवायचं. उद्या प्रमाणपत्रावर पाच टक्के आले तरी शिवणारणीची कमाई त्याहून जास्त घटली, असं म्हणायला जागा आहे. पण ते नुसतं म्हणून भागत नाही, दाखवावं लागतं.

आकड्यांत बघा, म्हणजे अंदाज येईल. समजा तुमची कमाई महिना १८,००० सिद्ध झाली. स्वतःचा व्यवसाय आणि वय ४० ते ५० यांमध्ये असेल तर पुढच्या वाढीचे २५ टक्के धरतात, हा २०१७ च्या प्रणय सेठी निकालाचा दंडक. झाले २२,५००, वर्षाचे २,७०,०००. कमाईतली घट न्यायाधिकरणाने १० टक्के धरली तर वर्षाला २७,०००. याला वयाचा गुणक लावायचा, म्हणजे वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचं. तो २००९ च्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्यातून घेतात, ४१ ते ४५ वयाला १४. म्हणजे ३,७८,०००. वर पहिल्या हिशोबाची रक्कम आणि अर्ज केल्याच्या तारखेपासून व्याज. घट शून्य धरली तर हा सगळा गुणाकार शून्य. दिरांना एवढं गणित दाखवा.

आता कमाई सिद्ध कशी करायची. तुम्ही आयकर विवरणपत्र भरता का हे पत्रात नाही. भरत असाल तर मागची तीन वर्षांची काढा. नसाल तर घाबरू नका, पण आत्ता भरायला धावू नका, अपघातानंतर भरलेल्या विवरणपत्राला कोणी भाव देत नाही. तुमच्याकडे मापांची वही असेलच. प्रत्येक पानावर नाव, छाती-कंबर-उंची, शिलाई आणि द्यायची तारीख. ती वही कुठल्याही दाखल्यापेक्षा बोलकी आहे. मार्चआधीची पानं भरलेली आणि १२ मार्चनंतर कोरी, हे न्यायाधीशांनी एकदा उलटून बघितलं की पुष्कळ काम होतं. क्लासच्या फीचे यूपीआयचे जमा झालेले आकडे बँकेच्या उताऱ्यात असतील. दोन विद्यार्थिनी किंवा नेहमीची गिऱ्हाइकं साक्षीला यायला तयार आहेत का, ते विचारून ठेवा. काहीच कागद नसले की न्यायाधिकरण किमान वेतनासारखा आधार घेऊन अंदाजाने आकडा ठरवतं, आणि अंदाज आपल्या बाजूने क्वचितच उदार असतो.

फिजिओथेरपीचं हजेरीचं कार्ड टाकून दिलं नाही ना? प्रत्येक बैठकीची तारीख आणि सही असलेलं ते दुमडलेलं पुठ्ठ्याचं कार्ड मी अनेक दाव्यांत पाकिटातून निघताना पाहिलंय, आणि पावत्यांहून ते जास्त उपयोगी पडलंय. पावती सांगते पैसे दिले. कार्ड सांगतं बाई दोन महिने येत होती.

मेडिक्लेममधून मिळालेली बिलं दाव्यात धरायची का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण कंपनीचे वकील काढतील. मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने निर्वाळा दिलाय की मेडिक्लेमची रक्कम अपघाताच्या भरपाईतून वजा करायची नाही: तो हप्ता विमा घेणाऱ्याच्या बाजूने भरलेला असतो, अपघात करणाऱ्याने नाही. तेव्हा सगळी बिलं लावा. मूळ बिलं मेडिक्लेमवाल्यांकडे गेली असतील तर त्यांच्या शिक्क्याच्या प्रती मागून घ्या. गाडीचं मात्र वेगळं. दुरुस्ती तुमच्या विमा कंपनीने दिलीय, ती दुसऱ्यांदा मागता येत नाही. तुमच्या खिशातून गेला तो भाग, म्हणजे घसारा आणि सक्तीची वजावट, मागता येतो. बुडलेला नो क्लेम बोनसही, म्हणजे क्लेम न केल्यास हप्त्यात मिळणारी सूट, मागून ठेवा, मिळेलच असं नाही.

वकील निवडताना एक. 'काही देऊ नका, मिळालं की तीस टक्के' म्हणणारा दलाल रुग्णालयाच्या दारात भेटतो. निकालावर टक्केवारी ठरवायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे, हे ज्याला ठाऊक नाही किंवा ज्याला पर्वा नाही, त्याच्या हाती तुमची बिलं देऊ नका. फी ठरवून, लिहून घ्या. परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

तुमच्या नवऱ्याला मोकळं व्हायचंय, तेही चूक नाही. त्यांना सांगा, तडजोड करायची असेल तर ती दावा दाखल झाल्यावर लोकअदालतीत करू. तिथे समोर विमा कंपनी असते, मालकाचा माणूस नाही. तिथला निवाडा पक्का असतो, त्यावर अपील होत नाही. तेव्हा तज्ज्ञ डॉक्टरांचं मत हातात आल्यावरच त्या टेबलावर बसा.

अजून एक बारीकसं. अपघाताच्या ठिकाणी नवऱ्याने मोबाइलवर फोटो काढले असतील तर ते त्याच फोनमध्ये राहू द्या, फोन विकू नका. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या प्रतीत तारीख-वेळेची मूळ माहिती निघून जाते. न्यायाधिकरणात दाखवताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, डिजिटल पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागेल. त्याचा एक भाग ज्याचा फोन त्याने द्यायचा, दुसरा तज्ज्ञाने. वकिलांना पहिल्या भेटीतच सांगा.

आणि उलटतपासणीत तो प्रश्न येणारच. कंपनीचे वकील फॉर्म हातात धरतील, चष्म्यावरून बघतील आणि म्हणतील, 'बाई, तुमच्या यजमानांनी इथे इजा नाही असं लिहिलंय, खरं ना?' तेव्हा म्हणा, 'खरं. सकाळी दुखत नव्हतं. रात्री सुरू झालं, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले.' आणि थांबा. ते गप्प राहून तुमच्याकडे बघत बसतील, तरीही थांबा.